तुम्ही विचारलंत म्हणून: वाडीला तिकीट का लावलं

"वाडवडिलांनी जपलेली वाडी, तिथे तिकीट लावताना काहीच वाटलं नाही का गं?" हे मला लग्नात विचारून झालंय, बारशात झालंय, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत. विचारणारे सगळे आपलेच, पुण्या-डोंबिवलीचे, मे महिन्यात श्रीवर्धनला येऊन राहिलेले, त्यामुळे घर कसं, विहीर कुठे हे सांगत बसत नाही. वाडी म्हणजे आमची घरामागची नारळ-सुपारीची बाग, आता तिकीट घेऊन पाहुण्यांना खुली केलेली.

वाटलं. खूप वाटलं. 1997 ला दिवेआगरला सुवर्ण गणेश सापडला, तिकडे गर्दी वाढली, घराघरात पर्यटकांसाठी खोल्या निघाल्या, तेव्हा आमच्या पडवीत बसून "आपल्याकडे असलं काही नको" म्हणणाऱ्यांत मीच पुढे होते. आणि ते चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही, कारण तेव्हा पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, उभ्या होत्या, आमच्याकडच्या रोठा जातीच्या सुपारीवर घर चालत होतं.

मग 3 जून 2020. निसर्ग वादळ तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. आम्ही माजघरात होतो, आई देवांपाशी, आणि बाहेर सतत मोडण्याचा आवाज. पोफळीचं खोड उंच आणि बारीक, एक आडवी झाली की शेजारच्या दोन घेऊन पडते. बाबा आवाजावरून सांगत होते, ही विहिरीकडची, ही मिरवेलाची, ही आजोबांनी लावलेली. थोड्या वेळाने त्यांनी सांगणं बंद केलं. वारा पडल्यावर दार उघडलं तर पडवीतून समुद्र दिसत होता. आमच्या पडवीतून समुद्र कधीच दिसला नव्हता.

पुढे पंचनामा. फळबागेला हेक्टरी 50,000 असा दर. कोकणात हेक्टर आहे कोणाकडे? आमची वाडी 30 गुंठे, म्हणजे सगळी गेली असं धरलं तरी 15,000. ओरड झाल्यावर झाडामागे द्यायचं ठरलं, माडाला 250 आणि पोफळीला 50 रुपये. जे झाड लागतं व्हायलाच सहा-सात वर्षं घेतं आणि पुढे दोन पिढ्यांना पुरतं त्याचे 50, अहो पडलेलं खोड तोडून बाहेर काढायची मजुरी त्याहून जास्त होती.

त्याच पावसाळ्यात एक एजंट आला. चिखलात उभा राहून म्हणाला, काका, आता झाडं नाहीतच तर जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, करून टाका, चार बंगले आरामात बसतील. बाबांनी त्याला वर बोलावलं, चहा दिला, आणि भाव विचारला. ज्या माणसाने वाडीतली सुकलेली झावळीसुद्धा कधी फुकट जाऊ दिली नाही त्याने गुंठ्याचा भाव विचारला. मी आत उभी राहून ऐकत होते. बाबांना दोष देत नाही, त्यांचं वय बघा, नवी पोफळ लावून तिची सुपारी बघायची म्हणजे किती वर्षं थांबायचं त्यांनी. पण तिकीट का लावलं याचं खरं उत्तर तो भाव आहे, बाकी मी तुम्हाला जे "मुलांना निसर्ग कळावा" वगैरे सांगते तेही खरं आहे पण ते नंतरचं.

विहिरीवरचा बंद पडलेला पायरहाट, म्हणजे पायाने फिरवायचा रहाट, दुरुस्त केला, मुलं त्यावर बसून पाणी काढतात. माडाच्या झावळ्यांच्या झापा विणायला, सुपारी सोलायला शिकवतो, जेवायला केळीच्या पानावर वाढतो. देवघर आणि माजघर बंदच असतं, तिथे कोणी जात नाही, हे परत परत सांगावं लागतं म्हणून इथेही सांगते. रोपं लावली, कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही म्हणून मधे केळी लावल्या, आणि वाडी शिंपायला ठेवलेल्या माणसाचा पगार त्याच तिकिटातून निघतो. सातबाऱ्यावर तुमचीही नावं आहेत, त्या वर्षी फोन सगळ्यांचे आले, कोयता घेऊन कोण आलं?

शनिवार-रविवार बाबा पडवीत बसत नाहीत, मागच्या खोलीत असतात. मला ते दिसतं. मी त्यांना कधी विचारलं नाही.

परवा एका मावशीने नवीनच विचारलं, पोफळी परत लागत्या झाल्या की तिकीट काढून टाकशील ना? बाबा म्हणतात काढायचं, त्या दिवशी काढायचं. मी म्हणते परत वादळ आलं तर? यावर आमचं अजून जुळलेलं नाही.