सुक्या माशाच्या मागावर: आमचा नॉर्वेचा बेत

उत्तर नॉर्वेत मध्यरात्रीचा सूर्य आणि नॉर्दर्न लाइट्स एकाच सहलीत दिसत नाहीत. लाइट्सना काळोख लागतो, आणि मे उजाडला की तिथे काळोख म्हणावा असा होतच नाही. लेकीची समजूत काढायला वेळ लागला, पण शाळेची सुट्टी मे-जूनमधलीच, त्यामुळे सूर्य ठरला. नेमकी तारीख कुठली, हे मात्र माशावरून ठरलं.

आई वेंगुर्ल्याची. उत्तर नॉर्वेतल्या लोफोतेन बेटांचे फोटो बघताना तिची नजर डोंगरांवर नव्हतीच. समुद्राकाठी उभारलेल्या लाकडी मांडवांवर हारीने टांगलेला कॉड मासा ती मोठा करून करून बघत होती. मग म्हणाली, "मीठ लावनत नाय?"

नाही लावत. जानेवारीपासून कॉड अंडी घालायला बॅरेंट्स समुद्रातून लोफोतेनला येतो. पकडला की डोकं काढायचं, पोट साफ करायचं, दोन-दोन मासे शेपटीला बांधायचे आणि मांडवावर टाकायचे. तिथली हवा त्या दिवसांत शून्याच्या आसपास असते. आणखी थंडी असती तर मासा गोठून खराब झाला असता, ऊब असती तर माश्या बसल्या असत्या. वारा आणि ही मधली थंडी, एवढ्यावर तो महिनोन्‌महिने वाळतो. आपल्याकडे बोंबील जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर टांगतात, पण इथे काम उन्हाचं असतं. आईला हा फरक ऐकून माहीत करून घ्यायचा नाही, जाऊन बघायचा आहे, वास घेऊन बघायचा आहे. मला यापेक्षा चांगलं कारण सापडलं नाही.

मासे साधारण फेब्रुवारी ते मे मांडवावर असतात, जूनमध्ये उतरवले जातात. लोफोतेनमध्ये सूर्य न मावळण्याचे दिवस २८ मेच्या सुमारास सुरू होतात आणि जुलैच्या मध्यापर्यंत चालतात. दोन्ही मिळण्याची फट अगदी अरुंद, मे संपता संपता. जूनच्या मध्यावर शाळा सुरू होण्याआधी परत यायचं, तर हाच आठवडा. उंचावरच्या पायवाटांवर तेव्हा बर्फ असतं, म्हणून ट्रोलटुंगासारखे मोठे ट्रेक सोडून दिले. आईचे गुडघे बघता ते आमच्यासाठी नव्हतेच.

एकदा मासा हाती लागल्यावर बाकीचा रस्ता त्यानेच दाखवला. लोफोतेनचा सुका कॉड शतकानुशतकं बर्गनला विकायला यायचा. तिथल्या ब्रुगेन धक्क्यावर हान्सा या जर्मन व्यापारी संघाच्या वखारी होत्या. १७०२च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली ती लाकडी घरं आजही उभी आहेत, १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. म्हणून आम्ही मासा जिथे विकला जायचा तिथून सुरुवात करून जिथे वाळतो तिथे जाणार. स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड सगळं यातून वगळलं. आठ दिवसांत चार राजधान्या दाखवणाऱ्या सहलीचं पत्रक शेजाऱ्यांनी प्रेमाने आणून दिलं होतं, पण बसच्या खिडकीतून आईला काय दिसणार?

ऑस्लोच्या विमानतळावरून शहरात जायला वेगळी एक्सप्रेस आहे, पण साधी गाडीही २३-२४ मिनिटांत पोचवते आणि भाडं जवळपास निम्मं. पुढे ऑस्लो ते बर्गन रेल्वे. १९०९ साली सुरू झालेला हा मार्ग फिन्सेला १२२२ मीटर उंची गाठतो. बर्गनकडे जाताना डावीकडच्या जागा घ्यायच्या, फिन्सेला हार्डांगर हिमनदी त्याच बाजूला आहे. अंटार्क्टिका ओलांडण्याच्या मोहिमेआधी शॅकल्टन या धाडसी प्रवाशाने मोटर-स्लेजची, म्हणजे बर्फावरच्या इंजिनाच्या घसरगाडीची, चाचणी इथेच घेतली होती. लेकीने हे वाचल्यापासून फिन्सेला उतरायचा हट्ट धरलाय.

मिरदालला गाडी बदलून फ्लोमला उतरायचं. वीस किलोमीटरमध्ये गाडी आठशेहून अधिक मीटर खाली येते, थेट खाडीच्या पातळीला. मेअखेर बर्फ वितळत असल्यामुळे धबधबे भरलेले असतात. फ्लोमहून बोटीने दोन तासांत गुडवांगेन, वाटेत नॅरॉयफ्योर्ड ही अरुंद खाडी, जिथे दोन्ही कड्यांमधलं अंतर काही ठिकाणी अडीचशे मीटरच राहतं. मग बसने वॉस आणि पुन्हा रेल्वेने बर्गन. बर्गनला पाऊस येणारच, तिथे वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पावसाचे. त्यामुळे छत्री नको, चांगला रेनकोट हवा.

बर्गनहून विमानाने बोडो, तिथून साडेतीन तासांच्या बोटीने लोफोतेनमधलं मॉस्केनेस. रायनेजवळ कोळ्यांच्या जुन्या पद्धतीची लाल लाकडी खोपटी भाड्याने मिळतात, त्यांना रोर्बू म्हणतात. बहुतेकांत स्वयंपाकघर असतं, म्हणून आम्ही हॉटेल घेतलं नाही. तिथे बाहेर जेवणं भलतंच महाग. भाजणी, गोडा मसाला आणि कोकम न्यायचं. तूप, पेढे, मटणाचं काही चालत नाही, युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. रविवारी मोठी किराणा दुकानं बहुतेक बंद, म्हणून शनिवारीच सामान भरायचं.

रस्ता जिथे संपतो त्या ओ गावात सुक्या माशाचं संग्रहालय आहे. १४३२ साली वादळात भरकटलेला व्हेनिसचा व्यापारी क्वेरिनी जवळच्या रोस्ट बेटावर लागला, तिथल्या कोळ्यांनी त्याला जगवलं आणि हा मासा त्याच्यामार्फत इटलीत पोचला. आजही त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटलीच. ही गोष्ट मी आईला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "कोळ्याच्या घरात आयलेल्याक जेवक घालतलेच."

एक गोष्ट नकाशा नीट बघितल्यावर कळली. रायनेहून मध्यरात्रीचा सूर्य दिसत नाही, उत्तरेला डोंगर आडवे येतात. म्हणून शेवटच्या दोन रात्री लेकनेसजवळ काढणार, तिथून उत्ताक्लाइव्हचा उत्तरेकडे उघडा किनारा गाडीने थोड्याच अंतरावर आहे. आईने विचारलं, सूर्य मावळणारच नसेल तर तिन्हीसांजेचा दिवा कधी लावायचा? मग तिनेच ठरवलं, घड्याळात सात वाजले की. लाकडी घर आहे, म्हणून बॅटरीवरचा दिवा घेतलाय.

व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आम्ही डिसेंबरमध्येच करणार. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, आईचं वय बघता त्याचा हप्ता जास्त बसतोय, पण तिथे काटकसर नको. परतीचं विमान ऑस्लोहून आहे, त्याआधीचा एक अख्खा दिवस रिकामा ठेवलाय. उत्तरेत वारा सुटला की बोटी आणि छोटी विमानं रद्द होतात, आणि लेकनेसहून बोडोला येणारं विमान छोटंच आहे.