आमची वाटचाल : अर्ध्या पानाचा फॉर्म

लोकांची पाळीव जनावरं ठेवून घ्यायला लागलो तेव्हा आमचा फॉर्म अर्ध्या पानाचा होता. मालकाचं नाव, फोन, जनावराचं नाव, वय, किती दिवस ठेवायचं, खाली सही. आज तो चार पानांचा झालाय आणि नवीन गिऱ्हाईक तो हातात घेतलं की आधी सुस्कारा सोडतं. बायको म्हणते, शाळेच्या प्रवेशालासुद्धा इतकं विचारत नाहीत. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न कधी ना कधी आमच्या अंगावर आलेला आहे.

धंद्याची सुरुवात ग्रूमिंगपासून झाली. कुत्र्यांना अंघोळ, नखं कापणं, केसांच्या गाठी सोडवणं. मग लोकच म्हणायला लागले, बाहेरगावी चाललोय, चार दिवस ठेवून घ्या ना. मागच्या दोन खोल्या मोकळ्या केल्या, जाळीचे गाळे करून घेतले, झालं बोर्डिंग सुरू.

पहिल्याच सुट्टीत गाळे भरले आणि एक कुत्रा खोकायला लागला. घशात हाड अडकल्यासारखा कोरडा खोकला. आठवड्यात पाच जण खोकत होते. मी सगळ्यांना विचारलं होतं, ‘लसी झाल्यात ना?’ सगळे म्हणाले होते, ‘हो, सगळ्या.’ सगळ्या म्हणजे कोणत्या, हे मी विचारलं नव्हतं. रेबीज, डिस्टेंपर, पार्वो या रोगांच्या लसी झालेल्या होत्या. या खोकल्याची लस वेगळी असते. तेव्हापासून तोंडी उत्तर बंद, लसीचं पुस्तक समोर. लहान पिल्लं तर कोर्स पूर्ण झाल्याशिवाय घेतच नाही. सहा ते आठ आठवड्यांना पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटचा सोळा आठवड्यांच्या आत नाही. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, म्हणून ही लांबण. पार्वोचा विषाणू फरशीच्या सांध्यात महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाईलला दाद देत नाही, ब्लीचच लागतं. (फिनाईल मांजरांना विषारी, हेही आम्हाला धंद्यात पडल्यावरच कळलं.)

मांजरं घ्यायला लागलो तिथे मी खरा आपटलो. कुत्र्याला माणूस लागतो, मांजराला जागा लागते, हे मला ठाऊक नव्हतं. एक गुबगुबीत करडी मांजर आली. मालकीणबाई म्हणाल्या, ‘दोन दिवस रुसेल, मग खाईल.’ मीही निवांत. ती गाळ्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली, ती तशीच. तिसऱ्या दिवशी कानाच्या आतली कातडी पिवळसर दिसली तेव्हा धावलो. डॉक्टरांनी मलाच झापलं. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली की अंगातली चरबी यकृतात जाऊन बसते आणि यकृतच बंद पडायला लागतं. तिला नळीने अन्न द्यावं लागलं, कित्येक आठवडे. वाचली. त्या बाई मात्र परत आल्या नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आता मांजरांची खोली वेगळी आहे, कुत्र्यांचा आवाज जाणार नाही अशी. प्रत्येक गाळ्यात लपायला खोका आणि घरून आणलेला न धुतलेला कपडा. चोवीस तास खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन. बोका लिटरमध्ये (शी-शूच्या वाळूत) बसून जोर लावतोय आणि लघवी होत नाही, तर फोनसुद्धा नाही, थेट गाडी.

एक गोष्ट लपवत नाही. मधल्या एका वर्षात आम्ही पिल्लंही विकली. पैसा सुटत होता. ज्याच्याकडून घेत होतो तो पाच आठवड्यांचीच पिल्लं आणून टाकायचा. आठ आठवडे आईजवळ आणि भावंडांत राहिलं की पिल्लू चावा किती लागतो हे शिकतं. ही शिकलीच नव्हती. त्यातला एक कुत्रा वर्षभराने ग्रूमिंगला आला आणि माझ्या मनगटाला त्याने टाके घालायला लावले. विक्री त्या महिन्यात थांबवली.

शेवटच्या पानावरचा शेवटचा प्रश्न एका काळ्या लॅब्राडॉर कुत्र्यामुळे आला. वय अकरा, मागच्या पायांत जोर कमी. मालक पाच दिवसांसाठी ठेवून गेले. सहाव्या दिवशी फोन बंद, पत्त्यावर दुसरंच कुटुंब. कातडीखाली बसवतात ती ओळखीची मायक्रोचिप नव्हती, असती तरी नोंदवलेला नंबर तोच असता म्हणा. पहिले काही आठवडे दाराबाहेर गाडी थांबली की तो धडपडत उठायचा, पाय फरशीवर घसरायचे, तरी दारापर्यंत जायचा. हिने त्या वाटेवर रबरी चटया टाकल्या. पुढे उठणं थांबलं. आता तो माझ्या टेबलाखाली झोपतो.

म्हणून तो प्रश्न: ‘तुम्ही परत येऊ शकला नाहीत तर याला कोण नेणार?’ नाव, नंबर आणि त्या माणसाला मी समोरच लावलेला फोन. काहीजण इथे चिडतात, फॉर्म ठेवून निघून जातात. धंदा जातो, खोटं कशाला बोलू.

परवा एक तरुण वर्षाच्या कुत्रीला घेऊन आला होता. बाकी सगळं भराभर भरलं आणि इथे पेन थांबलं. शेवटी त्याने बहिणीचा नंबर दिला. मी फोन लावून स्पीकरवर टाकला, प्रश्न वाचून दाखवला.

‘अरे, किती वर्षं जगतं हे?’ तिने भावाला विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘अजून दहा-बारा धरा,’ मी म्हणालो.

पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

‘लिही माझं नाव,’ ती म्हणाली. ‘आणि ती काय खाते ते मला पाठवून ठेव.’