बॅलीहेल शॅमरॉक्स: नऊ वेळा आयर्लंड जिंकणारं गाव

आयर्लंडला जाऊन हर्लिंग, म्हणजे लाकडी काठी आणि चेंडूचा तिथला खेळ, बघायचा म्हटलं की लोक डब्लिनच्या क्रोक पार्कची वाट धरतात. ८२ हजारांचं स्टेडियम, डोळे दिपतातच. पण तिथे चषक उचलणारे खेळाडू घडतात कुठे, याचं मला जास्त कुतूहल होतं. म्हणून मी ह्यूस्टन स्टेशनवर वॉटरफर्डची गाडी पकडली, किलकेनीच्या पुढच्या थॉमसटाउनला उतरले आणि टॅक्सीने बॅलीहेल गाठलं. वाटेत बाराव्या शतकातला जरपॉइंट मठ लागतो. तोही बघावा, पण सवडीने.

बॅलीहेल म्हणजे एक रस्ता, चर्च, थोडी घरं, आणि चहूकडे गाईंची कुरणं. मोटरवे झाल्यापासून डब्लिन-वॉटरफर्डची वाहतूक बाहेरूनच निघून जाते. इथल्या बॅलीहेल शॅमरॉक्स या हर्लिंग क्लबचं मैदान मात्र संध्याकाळी पोरांनी भरलेलं होतं. जेमतेम कमरेएवढी मुलं-मुली, डोक्यावर जाळीचं हेल्मेट, हातात हर्ली, म्हणजे खेळायची काठी. एका प्रशिक्षक आजोबांनी आपली हर्ली माझ्या हातात दिली. ॲश झाडाच्या बुंध्याचा मुळाकडे वळणारा भाग घेऊन ती कापतात, म्हणजे लाकडाच्या रेषाही टोकाच्या वळणाबरोबर वळतात आणि फटका बसला तरी ती सहज मोडत नाही. पसरट टोकाला पत्र्याची पट्टी ठोकलेली. चेंडू, म्हणजे स्लिटर, आतून बुचाचा, वरून कातड्याचा, उठावदार शिवणीचा. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने तो जमिनीवरून हर्लीने उचलला, हवेतच टोलवला आणि दोन खांबांच्या मधून आडव्या दांडीवरून घालवला. एक गुण. दांडीखालून जाळ्यात गेला असता तर गोल, म्हणजे तीन गुण. आजोबांना आता झाडांची काळजी आहे. २०१२पासून देशात ॲशवर बुरशीचा रोग आलाय, त्यामुळे बांबूच्या आणि कृत्रिम हर्लीही दिसू लागल्या आहेत.

क्लब तसा तरुणच. खेळाची राष्ट्रीय संघटना १८८४ साली थर्ल्समध्ये स्थापन झाली. हा क्लब १९७२चा. बॅलीहेल, नॉकटॉफर आणि नॉकमॉयलन या एकाच पॅरिशमधल्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या, गावांनी मिळून संघ उभा केला. १९७८मध्ये किलकेनी काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, पहिलं अजिंक्यपद आणि १९८१मध्ये थेट अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपद. त्या काळातल्या संघाचा कणा होता फेनेली घराणं. सात सख्खे भाऊ या क्लबकडून खेळले! त्यांच्यातला लिअम पुढे १९८३ आणि १९९२मध्ये किलकेनी काउंटीच्या संघाचा कर्णधार म्हणून देशाचा चषक उचलून आला.

इथे पगार नाही, खेळाडूंची खरेदी-विक्री नाही. ज्या पॅरिशमध्ये वाढलात, साधारणपणे त्याच क्लबकडून खेळायचं. कोल्हापुरात मल्लाची ओळख सांगताना आधी त्याची तालीम सांगतात, तसंच. किलकेनीची एक प्रथा तर मला फार आवडली: काउंटीचं अजिंक्यपद जिंकणाऱ्या क्लबने पुढच्या वर्षीचा काउंटी संघाचा कर्णधार सुचवायचा. शॅमरॉक्सने २००६ ते २००९ सलग चार वेळा काउंटी जिंकली, आणि किलकेनीला पाठोपाठ चार कर्णधार या एवढ्याशा गावाने दिले: हेन्री शेफलिन, जेम्स फिट्झपॅट्रिक, मायकल फेनेली, टी. जे. रीड. पहिल्या तिघांनी आपापल्या वर्षी अखिल आयर्लंड चषक घरी आणला. २०१०च्या अंतिम सामन्यात टिपेररीने ती मालिका तोडली.

शेफलिनकडे किलकेनीकडून जिंकलेली दहा अखिल आयर्लंड पदकं आहेत. एवढा मोठा खेळाडू निवृत्तीनंतर परत आपल्याच क्लबचा प्रशिक्षक झाला आणि त्याने २०१९ व २०२०ची क्लब अजिंक्यपदं मिळवून दिली. क्लबची खरी श्रीमंती मला यात दिसते.

पण गावात लोक आपणहून बोलतात ते २०२२च्या पराभवाबद्दल. फेब्रुवारीतला अंतिम सामना, समोर वॉटरफर्डचा बॅलीगनर. भरपाईच्या वेळेत हॅरी रडलने लांबून चेंडू हाणला आणि गोल झाला. बॅलीगनर २-१७, शॅमरॉक्स १-१९ (आधी गोल, मग गुण). गोलाचे तीन धरले की २३ विरुद्ध २२. एका गुणाने, अगदी शेवटच्या क्षणी गेलेला सामना! तो सांगताना आजोबांनी गोल झाला ती जागा हर्लीने गवतावर आखून दाखवली. मग जरा थांबून म्हणाले, "पुढच्या जानेवारीत आम्ही परत गेलो." २०२३चा तो अंतिम सामना अँट्रिम काउंटीच्या डनलॉयविरुद्ध १-२२ विरुद्ध १-१५ असा जिंकला. ते नववं अजिंक्यपद. इतकी दुसऱ्या कुठल्याच क्लबकडे नव्हती.

जायचं तर शरद ऋतूत जा. तेव्हा काउंटीचे क्लब सामने ऐन रंगात असतात आणि अंतिम सामना किलकेनी शहरातल्या नोलन पार्कला होतो. मैदानाच्या अगदी कडेला उभं राहा. हर्लीवर हर्ली आपटल्याचा आवाज टीव्हीवर निम्माही पोचत नाही.