समीकरण मांडण्याआधी आकृती वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतल्या नववीच्या मुलांसाठी हे लिहितो आहे. ‘रेषा आणि कोन’ मधली क्ष असलेली उदाहरणे सोडवायला सोपी असतात. मुले चुकतात ती मांडताना. दोन कोनांमध्ये बरोबरचे चिन्ह घालायचे की त्यांची बेरीज १८० करायची, हे फक्त आकृती सांगते.

दोन रेषा छेदल्या की चार कोन होतात. समोरासमोरचे ते विरुद्ध कोन, ते समान असतात. शेजारचे दोन म्हणजे रेषीय जोडी, त्यांची बेरीज १८०°. विरुद्ध कोन समान का? दोघांचीही त्याच एका शेजारच्या कोनाशी बेरीज १८०° होते म्हणून. आकृतीवर बोट ठेवून हे एकदा बघाच.

समजा विरुद्ध कोन (३क्ष + १०)° आणि (५क्ष − ३०)° आहेत.
३क्ष + १० = ५क्ष − ३०
४० = २क्ष, म्हणून क्ष = २०.
इथे थांबू नका. विचारलेला असतो कोन. ३ × २० + १० = ७०°, दुसराही ५ × २० − ३० = ७०°. शेजारचे दोन ११०° चे.

आता हेच कोन चुकून रेषीय जोडी धरले तर ८क्ष − २० = १८०, क्ष = २५, आणि कोन येतात ८५° व ९५°. आकडे अगदी खरे वाटतात, बेरीजही १८० भरते! म्हणून ताळा आपल्या समीकरणाशी करून भागत नाही, आकृतीशी करावा लागतो: समोरासमोरचे कोन ८५ आणि ९५ कसे असतील? छापील आकृतीवर कोनमापक ठेवून मात्र उत्तर काढू नका, ती प्रमाणात असेलच असे नाही.

कंसाकडेही लक्ष हवे. (३क्ष − १५)° च्या शेजारचा कोन १८० − (३क्ष − १५), म्हणजे १९५ − ३क्ष. कंस न घालणाऱ्यांचे १६५ − ३क्ष होते.

क्ष ऋण आला की मुले घाबरून सगळे खोडतात. विरुद्ध कोन (६०− क्ष)° आणि (क्ष + ८०)° असतील तर क्ष = −१० येतो आणि दोन्ही कोन ७०°. उत्तर बरोबर आहे. क्ष काहीही असो, कोन ० आणि १८० च्या मधला हवा.

आता टिळकवाडीचे रेल्वे गेट डोळ्यांपुढे आणा. दोन रूळ समांतर, रस्त्याची कडा ही छेदिका, म्हणजे दोन्ही रुळांना छेदणारी रेषा. कागदावर ती तिरकी काढा. दोन्ही रुळांवर त्याच जागी होणारे संगत कोन समान, व्युत्क्रम कोनही (रुळांच्या मधले, पण कडेच्या दोन वेगळ्या बाजूंचे आणि वेगवेगळ्या रुळांवरचे) समान. रुळांच्या मधले, कडेच्या एकाच बाजूचे आंतरकोन मात्र मिळून १८०°. ते (४क्ष + ५)° आणि ३क्ष° असतील तर ७क्ष = १७५, क्ष = २५, कोन १०५° व ७५°. समान धरले तर क्ष = −५ आणि कोन −१५°, म्हणजे चूक लगेच उघडी पडते.

एकाच बिंदूतून तीन रेषा गेल्या तर लागोपाठच्या तीन कोनांची बेरीज १८०°. ते २क्ष°, ३क्ष°, ५क्ष° असतील तर क्ष = १८; कोन ३६°, ५४°, ९०°. बेरीज ३६० धरणाऱ्याचा तिसरा कोन १८०° येतो, म्हणजे मधल्या रेषांना जागाच उरत नाही.