दुसऱ्या मजल्यावरचा घोडा

विमा कंपनीचं पत्र वाचून मी आधी खो खो हसले. मग सोबत जोडलेल्या भाषांतराखाली माझीच सही दिसली आणि गप्प बसले.

मराठी कागदांचं इंग्रजी करून देणं हा माझा धंदा. जबाब, पंचनामे, सातबारे, काय येईल ते. हे प्रकरण पुण्यातल्या एका बांधकामावर पडून मांडीचं हाड मोडलेल्या रंगाऱ्याचं होतं. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली त्यांनी ठेकेदाराकडं भरपाई मागितली होती. ठेकेदाराचा विमा होता, पण दावे तपासणारं ऑफिस परराज्यात, म्हणून जबाबाचं इंग्रजी. आता त्या ऑफिसनं चार प्रश्न पाठवले होते. घोडा कोणाच्या मालकीचा? जागेवर कशासाठी आणला? रंगकामाशी त्याचा संबंध काय? आणि चौथा, जो मला अजून आठवतो: तो दुसऱ्या मजल्यावर चढला कसा?

कच्चा खर्डा माझ्याकडं काम करणाऱ्या मुलीचा होता. इंग्रजी शाळेतली, हुशार पोर. तपासायचं काम माझं, आणि मी ते रात्री साडेअकराला जांभया देत उरकलं होतं. तिला बोल लावायला तशी जागाही नव्हती. मूळ जबाब पुन्हा काढला, तर वाक्यं दोन्हीकडं चपखल बसत होती. 'घोड्याचा मागचा पाय घसरला.' 'घोडा धरायला माणूस दिला नव्हता.' 'घोडा जुना होता, हे मुकादमाला सांगितलं होतं.' अडत होतं ते एकच: 'घोडा पुरता उघडत नव्हता.' तिथं तिनं चक्क घोड्याला दावणीतून मोकळं केलं नव्हतं, असं काहीतरी ठोकून दिलं होतं!

रंगाऱ्यांना फोन लावला. "काका, घोडा म्हणजे तुमची शिडीच ना?"

"शिडी न्हाई मॅडम. शिडीला टेकायला भिंत लागते. घोडा आपल्या पायावर उभा ऱ्हातो. रंगारी घोड्यावर न्हाई चढणार, तर काय हत्तीवर?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलानं मोबाइलवर फोटो पाठवला. वर बिजागरीनं जोडलेल्या दोन लाकडी बाजू, पायऱ्यांवर पांढऱ्या पुट्टीचे थर. मधली साखळी तुटलेली आणि तिच्या जागी आखूड सुतळी. म्हणून तो पुरता उघडत नव्हता. मी घाईत 'शिडी' करून टाकलं असतं, तर ती भिंतीला नीट टेकवली नाही म्हणून खापर काकांवरच फुटलं असतं.

संध्याकाळी मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश उघडून बसले, खरं तर स्वतःचीच समजूत घालायला. बुद्धिबळातला घोडा अडीच घरं चालतो, बंदुकीचा घोडा ओढतात, सतारीच्या तारा घोडीवर टेकतात. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत तर घोडा म्हणजे सरळ पिस्तूल; 'त्याच्या कमरेला घोडा होता' हे मी दोषारोपपत्रात कितीदा तरी बिनचूक उतरवलंय. पिस्तुलाचा घोडा ओळखणारी मी, रंगाऱ्याच्या घोड्यावरून पडले.

दुरुस्त भाषांतर, चूक कबूल करणारं प्रतिज्ञापत्र आणि फोटो असं सगळं पाठवलं. 'फोल्डिंग स्टेपलॅडर' लिहिलं आणि साखळीची गोष्ट वेगळ्या टिपेत घातली. पैसे मात्र काकांकडून घेतले नाहीत, कुठल्या तोंडानं घेणार?

दोन महिने काहीच हालचाल नाही. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय, ते वकिलांनाही सांगता येईना. मग एका दुपारी काकांचाच फोन आला. स्पीकर चालू होता.

"मॅडम, घोडं गंगेत न्हालं बघा!"

शेजारच्या टेबलावरून पोरीनं घाबरून मान वर केली. "मॅडम, आता हा कुठला?"