पिन तीन आणि चोडणची दमट हवा

पाणी किती आम्ल किंवा अल्कली ते सांगणाऱ्या पीएचचा आलेख उलटा होता. पहाटे चारला आकडा ९.१, दुपारी तीनला ७.९. कोळंबीच्या तळ्यात असं होत नाही. दिवसा शेवाळ उन्हात कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पीएच दुपारनंतर चढतो आणि रात्रभर उतरत पहाटे सर्वांत खाली येतो. इथे पहाटे शिखर आणि दुपारी दरी. म्हणजे मीटर पाणी मोजत नव्हता, दुसरंच काहीतरी मोजत होता.

तळं गोव्यातल्या चोडण बेटावर, खाजन जमिनीत (खाडीलगत बांध घालून राखलेल्या सखल जमिनीत), मानशीपासून (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारापासून) थोडं आत. मालकाचा पुतण्या इंजिनीअरिंगला आहे. त्याने आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम करता येणारं छोटं कंट्रोलर बोर्ड), पीएच प्रोब (पाण्यात बुडवायचा सेन्सर) आणि स्वतः सोल्डर केलेला अँप्लिफायर एका प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून बांधावरच्या खांबाला लावला होता. मे महिन्यात आकडे पीएचच्या कागदी पट्टीशी जुळत होते. पाऊस लागला आणि बिनसलं. नवा प्रोब आणला, फरक नाही. दोन बफर द्रावणांत, म्हणजे पीएच ठाऊक असलेल्या द्रावणांत, कॅलिब्रेशन केलं की दोन-तीन तास नीट चालायचं, मग पुन्हा तेच. काकांनी नऊच्या वरचा आकडा बघून पीएच चढवणारा चुना टाकायचा थांबवला होता, त्यामुळे प्रकरण आता नुसत्या हौसेचं राहिलं नव्हतं. रायबंदरच्या फेरीबोटीतून डबा घेऊन तो पणजीला माझ्या टेबलाशी आला आणि पहिलं वाक्य बोलला, "सर, सर्किट बरोबर आहे, मी शॉर्ट करून बघितलंय."

त्याचं सर्किट कागदावर खरंच बरोबर होतं. काचेचा प्रोब पीएच ७ ला शून्य मिलिव्होल्ट देतो आणि २५ अंशांना दर पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट. आम्लात धन, अल्कलीत ऋण. उनोला ऋण व्होल्टेज चालत नाही, म्हणून टीएल४३१ (ठरलेलं व्होल्टेज देणारा आयसी) वापरून २.४९५ व्होल्टचा मधला बिंदू केला होता, ५ व्होल्टवरून ४७० ओहमच्या रेझिस्टरमधून. प्रोबची संदर्भ बाजू, म्हणजे बीएनसी कनेक्टरचं बाहेरचं कवच, त्या बिंदूला. मधली तार एमसीपी६००२ या दोन ऑप-अँप (अँप्लिफायर) असलेल्या आयसीच्या पिन ३ ला. पिन १ आणि २ जोडून पहिला ऑप-अँप नुसता बफर, म्हणजे व्होल्टेज जसंच्या तसं पुढे देणारा. दुसऱ्याला ४० किलोओहम (३९ अधिक १) आणि १० किलोओहम लावून ५ पट गेन (वाढ), आउटपुट पिन ७ वर. एका पीएचला उनोच्या एडीसीचे (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचे) साधारण ६० काउंट मिळतात. तळ्याला एवढं पुष्कळ झालं.

याच्या आधीची त्याची सर्किटची पाटी एलएम३५८ या दुसऱ्या ऑप-अँपवर होती. तिचं आउटपुट ३.५ व्होल्टला चिकटून बसायचं. कारण सरळ आहे: एलएम३५८ च्या इनपुटमधून वीसेक नॅनोअँपिअर बाहेर वाहतात, आणि काचेच्या प्रोबचा अंतर्गत रोध १०० मेगाओहमच्या घरात असतो. गुणाकार २ व्होल्ट. मोजायचे आहेत शे-दोनशे मिलिव्होल्ट, तर आउटपुट वर जाऊन टेकणारच; आणि ५ व्होल्ट सप्लायवर एलएम३५८ दीड व्होल्ट खालीच थांबतो, म्हणून ३.५. एमसीपी६००२ चा तोच प्रवाह सर्वसाधारणपणे १ पिकोअँपिअर. निवड योग्यच होती.

प्रोब काढून बीएनसीत तारेचा तुकडा घातला आणि शॉर्ट केलं. पिन ७ वर २.४९ व्होल्ट. बरोबर, पीएच ७. प्रोब लावून ६.८६ आणि ४.०१ चे बफर दिले. दोन्हींमधला फरक जितका यायला हवा त्याच्या ९८ टक्के आला. म्हणजे प्रोबही ठणठणीत. माझ्या टेबलावर मीटर निर्दोष होता.

दुरुस्तीला आलेली वस्तू टेबलावर नीट चालते तेव्हा टेबल आणि मूळ जागा यांत काय वेगळं आहे ते आधी बघायचं. माझ्याकडे एसी चालू होता. चोडणला जुलैतल्या पहाटे हवा नव्वद टक्क्यांच्या वर ओली असते.

शॉर्ट करून घेतलेली चाचणी या जातीच्या सर्किटला फसवते, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. तारेच्या तुकड्याचा रोध शून्य. इनपुटवरून कुठे गळती होत असली तरी शून्य रोधावर व्होल्टेज पडतच नाही, म्हणून आउटपुट साजूक दिसतं. प्रोबचा रोध १०० मेगाओहम असेल तर चाचणीही १०० मेगाओहमनेच करायला हवी. एवढा मोठा रेझिस्टर दुकानात सहज मिळत नाही. १० मेगचे दहा रेझिस्टर एकापुढे एक सोल्डर करायचे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, नंतर बोट लावायचं नाही. ही माळ बीएनसीच्या मधल्या पिनपासून कवचापर्यंत जोडायची आणि सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा शून्य व्होल्टला जोडायचा. नाहीतर घरातल्या वायरिंगचे ५० हर्ट्झ पकडून आकडा नाचतो.

आणखी एक सापळा. इनपुटवरचं व्होल्टेज मल्टिमीटरने थेट पिन ३ वर मोजू नये. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम. १०० मेगच्या मागून २.५ व्होल्ट येत असतील तर तो ०.२३ दाखवतो. या मुलाने तेवढंच बघून पहिला प्रोब मेला असं ठरवलं होतं. मोजायचं ते पिन १ वर किंवा ७ वर, बफरच्या पलीकडे.

माळ लावली. एसी चालू असताना पिन ७ वर २.४७. शॉर्टपेक्षा जेमतेम २० मिलिव्होल्ट कमी, पाचने भागलं तर इनपुटवर चार-पाच. एसी बंद केला, खिडकी उघडली, बाहेर पाऊस. आकडा उतरू लागला. २.४०, २.३१... अर्ध्या तासाने २.११ वर थांबला.

हिशेब करा. आउटपुट ३८० मिलिव्होल्टने घसरलं, म्हणजे इनपुट ७६ ने. १०० मेगाओहमवर ७६ मिलिव्होल्ट म्हणजे ०.७६ नॅनोअँपिअर. आयसी १ पिकोअँपिअरचा. एवढा प्रवाह त्याचा नव्हे. दिशाही बोलकी होती. इनपुट खाली ओढलं जात होतं, म्हणजे गळती शून्य व्होल्टकडे. आठ पिनांच्या या आयसीत पिन ३ च्या शेजारी एकीकडे पिन २ आहे, पण ती बफरमध्ये पिन ३ च्याच व्होल्टेजवर असते, तिकडे काही वाहणार नाही. दुसरीकडे पिन ४, ग्राउंड. दोन पिनांमध्ये अंतर अडीच मिलिमीटर, आणि तिथे साधारण ३.२ गिगाओहमची अदृश्य वाट तयार झाली होती. नेहमीचा मल्टिमीटर हे कधीच दाखवणार नाही; त्याच्या लेखी ते पूर्ण तुटलेलं सर्किट.

७६ मिलिव्होल्ट म्हणजे १.३ पीएच. अल्कलीच्या बाजूला. पहाटे हवा ओली तशी गळती जास्त, शिवाय पाणी गार असल्याने काचेचा रोधही वाढलेला. दोन्ही चुका एकाच दिशेने. ७.६ चा ९ होतो तो असा. आणि उतार (दर पीएचमागचा फरक) मात्र जवळजवळ शाबूत राहतो, कारण १०० मेगाओहमपुढे ३.२ गिगाओहम लावले तर तीनच टक्के घट. म्हणूनच कॅलिब्रेशन दर वेळी "पास" व्हायचं.

खात्रीसाठी पाटीवर तोंडाने हाऽऽ करून वाफ सोडली, चष्म्याची काच पुसण्याआधी सोडतात तशी. आकडा दोनेक सेकंदांत १.४ वर कोसळला आणि मग रांगत रांगत परत वर. पोरगा बघतच राहिला. मग त्याने स्वतः दोनदा करून पाहिलं. मला विचाराल तर ज्या सर्किटच्या इनपुटला मेगाओहमचा सेन्सर आहे त्याची ही सर्वांत स्वस्त परीक्षा आहे.

पाटी उलटी करून भिंगाखाली धरली. तपकिरी कागदी झिरो पीसीबी (भोकांची तयार सर्किट पाटी), जी मुळातच ओल शोषते. पिनांभोवती पिवळट चिकट थर: डबीतली सोल्डर पेस्ट, भरपूर वापरलेली, कधीच न धुतलेली. पिन ३ आणि ४ च्या मध्ये त्या थरात पांढुरके कण अडकलेले. बांधावरची खारी हवा डब्याच्या केबलच्या भोकातून आत येत होती आणि पेस्टला चिकटत होती. कोरड्या मेमध्ये हा थर निरुपद्रवी. ओल लागली की वाहक.

धुण्याची पद्धत. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. पहिला हात पेस्ट विरघळवतो आणि पाटीभर पसरवतो, एवढंच. म्हणून ते निथळून टाकायचं आणि ताज्या अल्कोहोलने पुन्हा घासायचं, तिसऱ्यांदा नुसतं धारेने धुवायचं. आयसीचा बेस (ज्यात आयसी खोचतात तो सॉकेट) असेल तर त्याच्या पोटात पेस्ट दडून बसते. आम्ही बेस काढूनच टाकला. नंतर ६० अंशांच्या आसपास दोन तास वाळवण. नंतर कडांना धरायचं, घामात मीठ असतं. खिडकी उघडी ठेवून पुन्हा माळ लावली: २.४८.

एवढ्यावर थांबलो असतो तर मीटर ऑगस्टपर्यंत चालला असता, पुढचं सांगता येत नाही. कागदी पाटी ती कागदी पाटीच. म्हणून पिन ३ पाटीतून सोडवली, आडवी वाकवून हवेत उभी केली आणि बीएनसीच्या मधल्या पिनपासून टेफ्लॉन आवरणाची तार थेट तिला सोल्डर केली, मध्ये कुठेही पाटीचा स्पर्श नाही. हवेइतकं चांगलं इन्सुलेशन फुकट दुसरं मिळत नाही. बीएनसी सॉकेटही बदलला. आतला पांढरा भाग टेफ्लॉनचा असलेलाच घ्यायचा. पीसीबी छापून घ्यायची असेल तर पिन ३ आणि तिच्या ट्रॅकभोवती तांब्याचं कडं काढून ते पिन १ ला जोडावं. कडं आणि इनपुट एकाच व्होल्टेजवर, मग गळायला फरकच उरत नाही. आता वाफ सोडली तर आकडा पाच-सात मिलिव्होल्टांहून जास्त हलत नव्हता.

दुसरा दोष त्याच टेबलावर सापडला आणि तो गळतीशी संबंधित नव्हता. कॅलिब्रेशन लॅपटॉपवर, वापर मोबाइलच्या चार्जरवर. उनोचा एडीसी सप्लायलाच मोजपट्टी धरतो. २.४९५ व्होल्ट ५.० च्या सप्लायवर ५११ काउंट होतात, ४.८ वर ५३२. हे २१ काउंट म्हणजे ०.३५ पीएच, पाणी न बदलता. उपाय एका तारेचा: टीएल४३१ चं व्होल्टेज उनोच्या ए१ पिनवर वाचायचं, ए० मधून (जिथे पीएचचा सिग्नल येतो) ए१ वजा करायचं, ए१ ने भागून २.४९५ ने गुणायचं. सप्लाय हिशेबातून निघून जातो. त्याने त्याऐवजी चाळीस रीडिंगांची सरासरी घातली होती. सरासरीने थरथर जाते, सरक जात नाही.

तापमान भरपाईसाठी त्याने डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर लावला होता आणि कोडमध्ये त्यावर बरीच मेहनत घेतली होती. पीएच ८ ला पाच अंशांच्या फरकाने चूक होते ०.०२ हून कमी. सव्वा पीएचची गळती असताना ते नंतर केलं तरी चालतं.

तळ्यावर बसवल्यावर आणखी एक गोष्ट निघाली. त्याच उनोला टीडीएस प्रोब (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) होता आणि तो चालू झाला की पीएच उडी मारायचा. अशा वेळी तळ्यातलं पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत काढायचं आणि फक्त पीएच प्रोब त्यात बुडवायचा. बादलीत आकडा स्थिर आणि तळ्यात उड्या, तर प्रवाह पाण्यातून संदर्भ इलेक्ट्रोडकडे येतोय असं समजावं. टीडीएस प्रोब पाण्यात स्वतःचं व्होल्टेज सोडतो, आणि दोघांचं ग्राउंड एकच. पक्का उपाय म्हणजे पीएचच्या भागाला बी०५०५एस सारखा विलग सप्लाय आणि सिग्नलही विलग करूनच उनोला देणं. नुसता सप्लाय वेगळा केला आणि सिग्नलची ग्राउंड तार तशीच जोडली तर काहीच साधत नाही. आम्ही सध्या स्वस्तातली वाट धरली: एका छोट्या रिलेने टीडीएस प्रोबच्या दोन्ही तारा तोडायच्या, अर्धा मिनिट थांबायचं, पीएच वाचायचा, मग पुन्हा जोडायच्या.

डब्याच्या केबलच्या भोकाला ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) बसवला, आत सिलिका जेलची पुडी टाकली; दाणे निळ्याचे गुलाबी झाले की बदलायची. प्रोबचा प्लग ओल्या हाताने लावायचा नाही, हे काकांना दोनदा सांगावं लागलं. आता आलेख पहाटे ७.५ च्या आसपास तळाला असतो, दुपारी चारला ८.२ पर्यंत जातो, आणि पट्टीशी जुळतो. चुना पुन्हा सुरू झाला. एलएम३५८ ची जुनी पाटी पोराने टाकून द्यायला काढली होती, ती ठेवायला सांगितली. मानशीजवळ पाण्याची पातळी मोजायला प्रेशर सेन्सर लावायचा आहे, त्याचा रोध काही किलोओहम, तिथे ती बिनदिक्कत चालेल.