माझे पेपर अजून चालूच आहेत

आपल्या शाळेच्या स्मरणिका समितीच्या फॉर्मवर 'विशेष यश' असा एक रकाना आहे. तिथे काय लिहू, असं मुलीला विचारलं. म्हणाली, "बाबा, पेपर किती आणि सायटेशन किती ते टाका, सगळे तेच टाकतात." माझे पेपर अकरा. आई होती तोवर विचारायची, "दहावीचे झाले, बारावीचे झाले, अजून संपले नाहीत का रे तुझे पेपर?" शोधनिबंधालाही पेपरच म्हणतात, हे मी तिला कधी नीट सांगितलं नाही.

मी १९८६च्या दहावीच्या तुकडीचा. गेली तीस वर्षं औषधांचा कच्चा माल करणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. काम ऑरगॅनोमेटॅलिकचं, म्हणजे धातूचा अणू थेट कार्बनला जोडला जातो त्या रसायनांचं. कार्बनचे दोन तुकडे आपणहून एकमेकांना दाद देत नाहीत. चिमूटभर पॅलॅडियम, म्हणजे एक मौल्यवान धातू, टाकलं की ते दोघांना स्वतःपाशी ओढतं, जुळवून देतं आणि पुढच्या जोडीकडे वळतं. स्थळं सुचवणाऱ्या मामांसारखं. बिनसलं तर फ्लास्कच्या आतून काजळीसारखा काळा थर चढतो. तो थर म्हणजे पॅलॅडियमच, महागडं. गाळून परत मिळवावं लागतं, नाहीतर साहेब आपल्यालाच गाळतील.

ही वाट पाडणाऱ्यांतले एक रिचर्ड हेक. जन्म १५ ऑगस्ट १९३१, म्हणजे आपण पटांगणात झेंडावंदनाला उभे असायचो तो त्यांचा वाढदिवस. अमेरिकेत विल्मिंग्टनला हर्क्युलिस कंपनीत नोकरी करत असताना, १९६८ साली, त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात एकापाठोपाठ सात पेपर छापले. सातही पेपरांवर नाव एकट्याचं. तेव्हा या कृतीत पाऱ्याची संयुगं लागत. पाऱ्याशिवायची पद्धत जपानमध्ये मिझोरोकींनी १९७१ साली दिली आणि हेकनी १९७२ साली स्वतंत्रपणे. १९८९मध्ये हेक निवृत्त झाले, पुढे फिलिपिन्समध्ये स्थायिक झाले. नोबेल आलं ते २०१०मध्ये, नेगिशी आणि सुझुकींच्या जोडीने. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. दुखण्यावर आपण घेतो ते नॅप्रोक्सेन बनवायच्या एका पद्धतीत हेकचीच कृती आहे.

आता सायटेशन. दुसऱ्याने आपल्या पेपरच्या शेवटी आपल्या कामाचा दिलेला हवाला, एवढाच त्याचा अर्थ. २००५ साली हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने त्यावरून एच-इंडेक्स काढला: दहा पेपरांना प्रत्येकी किमान दहा हवाले असतील तर इंडेक्स दहा. माझा सहा. हेक ते सात पेपर लिहून थांबले असते तर त्यांचा सातच्या वर गेलाच नसता, मग प्रत्येकाला लाख हवाले मिळोत. कागदावर मी नोबेलवाल्याच्या एकाच पावलाने मागे! शिवाय आम्ही वहीत नुसतं 'हेक लावली' लिहितो. माणसाचं आडनावच कृतीचं नाव झालं की १९७२चा मूळ पेपर काढून कोण बघतं?

आणि जे हवाला देतात ते तरी वाचतात का? २००३ साली सिमकिन आणि रॉयचौधुरी यांनी हवाल्यांतल्या छपाईच्या चुका तपासल्या. पान क्रमांकातली तीच चूक पेपरामागून पेपरात उतरलेली. त्यावरून त्यांचा अंदाज असा, की मूळ पेपर वाचणारे फार तर पाचातले एक.

हे वाचलं आणि मला नववीतल्या विज्ञानाच्या बाई आठवल्या. त्यांनी ही युक्ती आमच्यावर कितीतरी आधी चालवली होती. डांबराच्या गोळ्या, म्हणजे नॅप्थलीन, परीक्षानळीत वितळवून थंड होताना दर मिनिटाला तापमान लिहायचं. ८०ला पारा थबकतो, नॅप्थलीन गोठून संपेपर्यंत हलत नाही. माझा थर्मामीटर गोठलेल्या नॅप्थलीनमध्ये रुतला आणि ओढताना मोडला. शेजारच्याची वही होतीच. बाईंनी दोन्ही वह्या समोरासमोर धरल्या. दोघांचाही पारा ७८लाच अडलेला.

"बरोबर उत्तर दोघांचं सारखं येईल रे," त्या म्हणाल्या, "चूक कशी सारखी येईल?" गुण कापले नाहीत. तक्त्याखाली लाल शाईने लिहायला लावलं: 'ही निरीक्षणे शेजारच्या बाकावरून घेतली आहेत', आणि पुढे त्याचं नाव. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं सायटेशन. ती प्रयोगवही अजून माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे.

शेजारच्याचं आता बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान आहे. मागच्या गणपतीत भेटला तेव्हा त्याला मोठ्या कौतुकाने हे सांगितलं. तो बिजागऱ्या मोजत होता. मान वर न करता म्हणाला, "अरे, ते ७८ माझे कुठे होते? मी पुढच्या बाकावरून घेतले होते."